दाराबाहेरचं खाकरणं

माझी गर्भपिशवी काढली तेव्हा रायपूर नवीनच राजधानी झालं होतं. या दोन गोष्टींचा संबंध एवढाच, की राजधानी झाल्याबरोबर शहरात गल्लोगल्ली नर्सिंग होम निघाली आणि त्यांतल्या एकात मी भरती झाले. मूळचा तो कुणा वकिलाचा बंगला. वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात बायकांचा वॉर्ड केलेला, स्वयंपाकघरात औषधांची कपाटं. भिंतीतला देवाचा कोनाडा तसाच होता. त्यात सिस्टरने कापसाचा डबा ठेवला होता. दोन पलंगांच्या मध्ये पडद्याची सळई होती, पडदा यायचा होता. त्या काळात रायपुरात बऱ्याच गोष्टी यायच्या होत्या.

नवरा भोपाळला होता. दोन राज्यांच्या वाटणीत त्याच्या खात्याच्या फायली तिकडे अडकल्या होत्या आणि त्या सोडवायला त्याला पाठवलं होतं. मी स्वतः सरकारी नोकरीतली, त्यामुळे यात रागावण्यासारखं काही वाटलं नाही. जवळ मुलगी होती, कॉलेजात जाणारी. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

ऑपरेशनची मला भीती वाटत नाही असं मी घरी सांगून आले होते. वाटत होती, आणि ऑपरेशन झाल्यावर जास्त वाटायला लागली. टेबलावर आपण डॉक्टरच्या हातात असतो. नंतर पलंगावर आणून टाकलं की कुणाच्या हातात असतो ते कळत नाही. पोटाला टाके, हातात सुई, कूस बदलायची सोय नाही. आतमध्ये काही बिघडलंच तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं, आणि ते येईलच याची खात्री कोण देणार? मी माझ्यापुरता एक उपाय काढला होता. दुखलं की ओरडायचं.

"सिस्टर! ओ सिस्टर! दुख रहा है!"

सिस्टर केरळची. कामाला वाघ होती, पण सगळा मजला एकटीवर. इंजेक्शन घेऊन आली आणि म्हणाली, "आंटी, आप बहुत चिल्लाता है. उधर देखो. उसका पेट आपसे ज्यादा कटा है. एक आवाज नहीं. गुड पेशेंट."

"सच में मम्मी," मुलगी म्हणाली, "पूरी बिल्डिंग सुन रही है."

"ऐकू दे. त्याच्यासाठीच तर ओरडून राहिली मी."

त्या 'गुड पेशेंट'कडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. विशीतली खेड्यातली पोरगी. हातावर गोंदलेलं, पदर नाकापर्यंत. अपेंडिक्स पोटात फुटलं होतं, त्यामुळे पोट वरपासून खालपर्यंत उघडावं लागलं होतं. नवरा परराज्यात वीटभट्टीवर; निरोप गेला होता, माणूस यायचा होता. सासू नव्हती. जाऊ गावाकडे लेकरं आणि धानकापणी सांभाळत होती. शहरात एकच माणूस होता, तिचा थोरला दीर. तो भनपुरीला ट्रकांवर पोती चढवायचा. नर्सिंग होमचा नियम असा, की एका रुग्णाजवळ एक माणूस सतत पाहिजे. तो पास त्याला मिळाला.

तो माणूस दाराशी आला की आत पाऊल टाकण्याआधी खाकरायचा. सावकाश, एकदाच. आणि ती पोरगी पलंगावरून खाली उतरायची.

पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला समजलंच नाही. खाकरणं ऐकू आलं. तिने पदर हनुवटीपर्यंत ओढला, एका कोपरावर जोर दिला, एक पाय खाली सोडला, मग दुसरा, आणि पोट हाताने धरून माझ्या आणि तिच्या पलंगाच्या मधल्या फरशीवर बसली. दाराकडे पाठ. तोंडातून हूं नाही की चूं नाही. नुसतं पाहताना माझेच टाके ओढल्यासारखे झाले.

तो आत आला. डबा स्टुलावर ठेवला, भिंतीला टेकून खाली बसला आणि खिडकीकडे तोंड करून राहिला. दोघांमध्ये एक शब्द नाही. पास मिळालेल्या माणसाने जागा सोडायची नाही असं त्याला बजावलेलं होतं आणि तो हुकमाचा पक्का होता. जितका वेळ तो इमानेइतबारे बसायचा, तितका वेळ ती फरशीवर. मग त्याला औषधाला पिटाळलं की ती पुन्हा वर चढायची. चढणं उतरण्यापेक्षा वाईट होतं.

सिस्टर रागवायची. "फिर नीचे? पलंग किसके लिए है? ऊपर!"

डॉक्टर हसायचे. तरुण होते, सदर बाजारातल्या घरातले, इथंच लहानाचे मोठे झालेले. "रहने दो सिस्टर, गाँव के लोग हैं, इनको जमीन पर ही आराम मिलता है."

आराम! मी भंडाऱ्याकडची. माझ्या आईला मी पाहिलेलं आहे. तिचे भासरे, म्हणजे माझे मोठे काका, अंगणात खाकरले की ती बाजेवरून उठायची. अंगात ताप असला तरी उठायची. भासऱ्यासमोर बाजेवर बसायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, आवाज ऐकू जाऊ द्यायचा नाही. आमच्या पिढीने ते सोडलं. इकडे छत्तीसगढात थोरल्या दिराला 'कुरा ससुर' म्हणतात, आणि खेड्यांत त्याच्यापुढे अजून सगळं तसंच चालायचं. बंधन त्याच्यावरही होतंच. त्याने तिच्याकडे पाहायचं नाही. म्हणून तर तो आधी खाकरत होता, तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून. त्याच्या बाजूने ती अदब होती.

आता राउंड कसा चालायचा ते सांगते. डॉक्टर माझ्याकडे यायचे. आंटी, नींद आई? गैस पास हुई? दर्द कितना है? मी ऑफिसात बोलते तशा स्वच्छ हिंदीत सगळं सांगायची, चार प्रश्न उलट विचारायची, त्यांना उत्तरं द्यावी लागायची. मग ते त्या पलंगाशी जायचे आणि तिच्या डोक्यावरून भिंतीपाशी बसलेल्या माणसाला विचारायचे, "हाँ भई, कैसी है?"

तो खिडकीकडे बघत म्हणायचा, "बने हे साहब." बरी आहे.

"दर्द?"

"नइ रोवत हे साहब."

"बढ़िया."

की झाला राउंड. ज्याला विचारत होते त्याला तिच्याकडे बघायचीच मनाई होती. तो कानांनी अंदाज घ्यायचा. रडत नाही, म्हणजे बरी आहे. आणि तो बसलेला होता म्हणून ती रडत नव्हती. ड्रेसिंग करायला कंपाउंडर आला तेव्हाही हेच. परका पुरुष, मध्ये पडदा नाही, समोर कुरा ससुर. तिने पदर पोटाशी घट्ट आवळून धरला. "नखरे देखो," म्हणून तो पट्टी न बदलताच निघून गेला.

मला हे दिसत होतं आणि मला भीती वाटायला लागली होती. फक्त तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठीही. माझ्या पलंगाभोवती जे लोक फिरत होते तेच तिच्याभोवती फिरत होते. त्यांना जर तिचं काही दिसत नसेल, तर उद्या माझा आवाज बसला, गुंगीत राहिले, तर माझं काय दिसणार होतं?

मग एके दिवशी सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी त्या माणसाला सांगितलं, "कल छुट्टी. गाड़ी का देख लो."

तो खूश होऊन भनपुरीला गाडी ठरवायला गेला. दुपारी परत आला आणि दारात खाकरला. ती उतरली, नेहमीच्या जागी बसली. माझी मान तिच्याकडेच होती. तिच्या लुगड्याला पोटापाशी ओल होती. पाणी सांडलं असेल म्हणून मी पाहत राहिले, तर ओल वाढत होती. रंग लाल नव्हता. तांदळाच्या धुवणात कुंकवाचं बोट बुडवावं तसा पातळ गुलाबी. फरशीवर एक थेंब पडला. तिने तो टाचेने पुसून टाकला.

मी पलंगाच्या काठाशी सरकून हळूच विचारलं, "ये क्या है?"

पदराआडून कुजबुज आली, "पानी कस निकलत हे, दीदी." पाण्यासारखं निघतंय.

"कब से?"

मी हात खाली सोडून तिच्या मनगटाला लावला. चुलीवरून उतरवलेल्या तव्याजवळ हात न्यावा तसं लागलं.

"सिस्टर को बोलती हूँ."

तिने माझी बोटं धरली. "झन बताबे दीदी." सांगू नका. "कालि छुट्टी हे. घर जाके रो लेहूं."

घरी जाऊन रडून घेईन! एवढ्यासाठी तिला सुट्टी हवी होती. मोकळेपणी कण्हता येईल अशी जागा म्हणून घर. आणि मला दिसत होता भनपुरीच्या पुढचा रस्ता, ट्रकांनी खोदून ठेवलेला, आणि एका मेटाडोरच्या फळीवर ही. समोर पुन्हा तोच माणूस, खिडकीऐवजी रस्त्याकडे तोंड करून. ही घरी पोचणार नव्हती. मला वैद्यकी येत नाही, पण पोटातून झिरपणारं पाणी थांबलं नाही तर काय होतं याला वैद्यकी लागत नाही.

त्याला सिस्टरने औषधाला पाठवल्यावर मी तिला सांगितलं. ती तीन बाटल्या हातात धरून चालली होती. "थोड़ा पानी आता है टाँके से, आंटी. कल ड्रेसिंग करके छुट्टी. आप अपना देखो."

"मम्मी," मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "आप क्यों बीच में पड़ रही हो? सिस्टर नाराज हो गई तो आपको इंजेक्शन कौन देगा?"

"तेचंच तर भेव आहे मले."

"तो फिर?"

"तर मग काय? आज तिचं पाहून नाही राहिले, उद्या माझं पाहतीन काय?"

तिने डोक्याला हात लावला. पण संध्याकाळच्या राउंडची वेळ झाली तशी आपणच उठून माझी उशी वर केली, मला बसता यावं म्हणून.

डॉक्टर आले. माझी चौकशी सुरू केली तसं मी म्हटलं, "मेरा सब ठीक है. पहले उसको देखिए. और उनको बाहर भेजिए."

"किसको?"

"वो जो बैठे हैं."

"अरे, अटेंडंट हैं आंटी."

"जेठ हैं उसके. आप यहीं के हैं डॉक्टर साहब, आपको मालूम है कुरा ससुर क्या होता है. आप रोज उनसे पूछते हैं कैसी है. उन्होंने उसको देखा कब?"

डॉक्टरांचा हात थांबला. ते वळले. तो माणूस उठून उभा राहिला होता, मान खाली.

"हव साहब," तो म्हणाला, "ओखर मुँह ल मैं आज तक नइ देखे हंव. रोही त बताहूं कहिके बइठे रहेंव."

तिचं तोंड मी आजवर पाहिलेलं नाही. रडली की सांगीन म्हणून बसून होतो.

तो आपणहून बाहेर गेला. मुलीने माझ्या अंगावरची चादर ओढून घेतली आणि दाराच्या बाजूने धरली. सिस्टरने पोरीला वर घेतलं, पदर बाजूला केला, पट्टी उचलली. मला डॉक्टरांचा चेहरा तेवढा दिसत होता. इतका वेळ तो हसरा तरुण चेहरा होता. आता तो वयाने वाढला. त्यांनी पट्टी फार हळू पुन्हा खाली ठेवली, झाकण निसटू नये अशी, आणि खालच्या आवाजात सिस्टरला म्हणाले, "अंदर से खुल गया है. सलाइन का गीला पैड रखो. ओटी लगवाओ. अभी." मग तिच्याकडे वाकून, पहिल्यांदाच तिच्याशी, "बेटा, बिल्कुल नहीं हिलना. छींक भी आए तो पेट पकड़ना. समझ गई?"

पदर हलला.

डॉक्टर भूल देणाऱ्यांना फोन करायला धावले. सिस्टरने ओलं पॅड ठेवलं, जिन्यावरच्या त्या माणसाला औषधांची चिठ्ठी दिली आणि ऑपरेशनच्या खोलीकडे गेली. वॉर्डात आम्ही तिघी. पोरगी छताकडे बघत होती. पदर मागे गेलेला तिच्या लक्षात आलं नव्हतं. ओठ फाटलेले, नाक वर आलेलं. मी मुलीला म्हटलं, "तिच्या पायापाशी उभी राह्य."

"क्यों?"

"राह्य म्हणतो ना."

तेवढ्यात दाराबाहेर खाकरणं ऐकू आलं.

बिचारा औषधं घेऊन धावत आला होता. आणि धावत आला तरी रीत विसरला नव्हता. सावकाश, एकदा.

तिचा हात पदराकडे गेला. कोपर पलंगाला टेकलं. मी तिचे डोळे पाहिले. तिने काही ठरवून केलेलं नव्हतं. तो आवाज आला की अंग उठायचंच. मान वर आली, खांदा वर आला आणि पॅडच्या खाली काहीतरी सरकलेलं मला दिसलं.

मी पलंगावरून कशी उतरले ते मला आठवत नाही. तिचे दोन्ही खांदे मी दाबून धरले होते आणि माझ्या पोटात आग लागली होती. मुलगी तिच्या पायांवर ओणवी. मी दाराकडे बघून ओरडले, माझ्या आयुष्यात कुणावर ओरडले नसेन तशी, "भैया, खखारो मत! भागो वहाँ से! भागो!"

पिशवी उंबऱ्यावर पडल्याचा आवाज आला आणि जिन्यावरून पावलं. पोरीने माझ्या हातांखालून विचारलं, "गए दीदी?"

"गए. लेट जा. कोई नहीं है."

सिस्टर धावत आली. मी रुग्ण असून शेजारच्या पलंगावर ओणवी, माझी मुलगी चादरीसकट तिच्या पायांवर, उंबऱ्यात औषधं आणि एक चप्पल. तिने आधी पॅड पाहिलं, ते जागेवर होतं. मग मला दंडाला धरून परत निजवलं. रागावली नाही. त्यामुळे मला आणखी भीती वाटली.

पोरीला नेल्यानंतर ती माझा रक्तदाब पाहायला आली आणि विचारलं, "आंटी, वो आवाज सुनके नीचे आता है? हर टाइम?"

"हर बार."

"मैं सोचा देहात का आदत है." ती स्टुलावर बसली. तिला बसलेली मी तेव्हाच पाहिली. मग उठून तिने कपाटातून दोन चादरी काढल्या आणि सळईवर टाकून पिनांनी अडकवल्या.

ऑपरेशन चाललं तो वेळ फार वाईट गेला. बंगल्याच्या मागच्या गॅरेजात ती खोली होती, तिथून काही ऐकू येत नव्हतं. मुलगी दाराशी जाऊन यायची आणि सांगायची, वो सीढ़ी पर बैठे हैं. हिले भी नहीं. आणि मधूनच, वो उतर के रोड पर गए थे, फिर आ गए. मला वाटलं पळून जातोय की काय. मग तिनेच पाहून सांगितलं, "मम्मी, उनको सच में खाँसी है. बोरे का धूल जाता है ना अंदर. खाँसी आती है तो नीचे रोड पर जाके खाँसते हैं."

त्यानंतर त्या इमारतीत त्याचं खाकरणं कुणी ऐकलं नाही. ती परत आली, नाकात नळी, पोटावर जाड पट्टा, तेव्हाही तो वॉर्डात आला नाही. पास त्याने सिस्टरला परत केला. गावाकडून त्याची बायको, म्हणजे तिची जाऊ, आली आणि तो पास तिला मिळाला. डॉक्टर आता राउंडला पलंगाच्या डोक्याशी उभे राहून तिलाच विचारायचे, आणि ती जावेच्या कानात सांगायची. तेवढं पुरत होतं. ती वाचेल असं मात्र अजून कुणी म्हणत नव्हतं. ताप चढत उतरत होता. मी झोपेतून जागी झाले की आधी त्या पांढऱ्या चादरीकडे बघायची, पलीकडे काही हलतंय का.

मला सुट्टी मिळाली त्या दिवशी मुलगी सामान बांधत होती आणि पलीकडे पट्टी बदलणं सुरू झालं. आता सिस्टर स्वतः करायची. एकदम पोरगी किंचाळली. "दाई ओ! मर गेंव दाई!" आई गं, मेले! असा खणखणीत आवाज, की कोनाड्यातला डबासुद्धा दचकला असेल. मग रडणं, मग सिस्टरला शिव्या, अस्सल छत्तीसगढी. जाऊ म्हणत होती, "चुप ओ, चुप," पण दटावल्यासारखं नाही.

चादरीआडून सिस्टरचा आवाज आला, "लो आंटी, अभी ये भी चिल्लाता है. आपका बीमारी लग गया."

मी मुलीच्या खांद्यावर भार टाकून जिन्याशी आले. तो खालून तिसऱ्या पायरीवरून वर बघत उभा होता, तोंडावर गमछा दाबलेला, डोळे फाटलेले. त्याने तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला होता.

"का होगे दीदी?" त्याने विचारलं. "रोवत हे."

माझी छत्तीसगढी मोडकी आहे. जेवढी येते तेवढ्यात म्हटलं, "हव. रोवत हे. बने हे."

त्याला ते लगेच पटलं नाही. वरून पुन्हा किंचाळी आली. तो कान देऊन ऐकत राहिला आणि मला वाट द्यायला भिंतीला सरकला.